जास्त धावलेली जीपगाडी घेताना

सामुदायिक विकास कार्यक्रम २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात सुरू झाला आणि विकास गटाची जीप खेडोपाडी फिरू लागली. चिखलातून, खडीच्या रस्त्याने व बांधाच्या कडेने जाऊ शकणाऱ्या उंच व मजबूत गाडीला आपल्याकडे तेव्हापासून सरसकट 'जीप' म्हणण्याचा प्रघात पडला आहे. गाडी कोणत्या कारखान्याची आहे हे त्यात कोणी विचारीत नाही. शहरात हिलाच आता एस.यू.व्ही. म्हणतात. एके काळी केवळ सरकारी कचेरीच्या दाराशी दिसणारी ही गाडी आज बागायतदाराच्या अंगणातही उभी असते, आणि ती तेथे केवळ हौसेपोटी आलेली नसते.

खेड्यातील कुटुंबास अशी गाडी कशासाठी लागते, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. निफाडकडील चार एकरांचा एक द्राक्ष बागायतदार डोळ्यांसमोर आणावा. त्याच्या वडिलांना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी नाशिकला न्यावे लागते. पहाटे पाचला निघावयाचे आणि दुपारी परत यावयाचे. भाड्याची गाडी दर खेपेस परवडत नाही, आणि पहाटेच्या एस.टी.ची धक्काबुक्की आजाऱ्यास सोसत नाही. शिवाय औषधांचे डबे, बागेची अवजारे, सुट्टीत मुलाबाळांचे जाणेयेणे ही कामे आहेतच. हंगामानंतर त्याच्या हाती साडेचार लाख रुपये शिल्लक राहिले आहेत. नव्या गाडीची किंमत त्याच्या आवाक्याबाहेरची असून कर्जाचा हप्ता डोक्यावर घेण्याची त्याची तयारी नाही. अशा माणसाची गाडी रस्त्यात बंद पडली तर त्याचे नुकसान गॅरेजच्या बिलापुरते राहत नाही. यास्तव त्याने गाडीचा रंग, तिची उंची, गाण्याचे यंत्र ह्या गोष्टी बाजूस ठेवून ती रोज पहाटे चालू होईल की नाही, हाच एक प्रश्न विचारला पाहिजे.

साडेचार लाखांत मिळणाऱ्या बहुतेक गाड्या लाख-दीड लाख किलोमीटर धावलेल्या असतात. हा आकडा ऐकूनच कित्येक शेतकरी बंधू माघार घेतात आणि कमी आकडा दाखविणाऱ्या दुसऱ्या गाडीकडे वळतात. नेमकी येथेच फसगत होते.

आकड्याचा अर्थ

प्रथम एका शब्दाचा घोटाळा दूर केला पाहिजे. आपल्याकडे 'मायलेज' म्हटले की लिटरला किती किलोमीटर जाते, असाच अर्थ घेतला जातो. दलालाने 'गाडीचे मायलेज उत्तम आहे' असे म्हटल्याने ती किती धावली आहे, हे कळत नाही. हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारावेत आणि त्यांची उत्तरेही वेगवेगळी लिहून घ्यावीत.

आठ वर्षांत १,६०,००० किलोमीटर म्हणजे वर्षास २०,००० आणि दिवसाला सुमारे ५५ किलोमीटर होतात. रोज तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी जाऊन येणाऱ्या माणसाची ही सामान्य धाव होय. डिझेल इंजिन एकदा तापले, ऑईल सर्व भागांत पोहोचले आणि गाडी वरच्या गिअरमध्ये सरळ रस्त्याने चालू लागली म्हणजे त्या इंजिनाची झीज फार थोडी होते. झीज अधिक होते ती थंड इंजिन वारंवार चालू करून दोन-तीन किलोमीटर जाऊन पुन्हा बंद करण्यात, वेळेवर ऑईल न बदलण्यात आणि मर्यादेपलीकडे माणसे किंवा ओझे भरण्यात. म्हणून महामार्गावर दीड लाख किलोमीटर धावलेली आणि वेळेवर निगा राखलेली गाडी, गावातल्या गावात साठ हजार किलोमीटर रखडलेल्या गाडीपेक्षा पुष्कळदा सुस्थितीत आढळते.

शेतकऱ्यास हे समजावयास कठीण नाही. बैल घेताना त्याचे दात पाहून तो चौसा आहे की जुळला आहे, हे कळते, पण तेवढ्यावर कोणी जाणता माणूस सौदा करीत नाही. त्याची चाल, खांद्यावरचा घट्टा, खूर आणि पूर्वी तो कोणाच्या दावणीस होता, हे सारे पाहिले जाते. गाडीच्या बाबतीत तर अधिक सावध राहिले पाहिजे, कारण बैलाचे दात कोणास परत लावता येत नाहीत, परंतु किलोमीटरचा आकडा मागे घेता येतो. जुन्या काट्याच्या मीटरमध्ये तो हाताने फिरवीत असत. आता तो संगणकाच्या साहाय्याने बदलतात आणि त्याची खूण मीटरवर राहत नाही.

खूण राहते ती इतरत्र. क्लच व ब्रेकच्या पायट्यांवरील रबराच्या रेषा गुळगुळीत झाल्या आहेत काय, सुकाणूचक्रावरील कातडे किंवा प्लॅस्टिक चकाकते काय, गिअरच्या मुठीवरील अंक पुसले आहेत काय, चालकाच्या बाजूचे दार बिजागरीवर खाली बसले आहे काय, हे पाहावे. पन्नास-साठ हजारांच्या गाडीत अशा खुणा सहसा नसतात. ह्या जागी सर्व वस्तू अगदी नव्या बसविलेल्या असल्या, तरीही कारण विचारावे. सर्वांत चांगला पुरावा म्हणजे दुरुस्तीच्या पावत्या. त्यांवर तारीख व त्या दिवशीचा किलोमीटरचा आकडा लिहिलेला असतो. अधिकृत सेवाकेंद्रात गाडी जात असेल तर तेथील नोंदी विक्रेत्याला बरोबर घेऊन पाहता येतात. पावत्या क्रमाने लावल्या आणि आकडा मध्येच कमी झालेला दिसला, की पुढे बोलण्याचे कारण उरत नाही.

कोणती गाडी

ज्या गाडीचे सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतात आणि जी उघडण्यास तेथील मिस्त्री कचरत नाही, तीच गाडी घ्यावी. हा नियम इतका साधा आहे की तो पाळला जात नाही. शहरातून एखादी परदेशी बनावटीची आलिशान गाडी निम्म्याहून कमी किमतीत मिळते म्हणून घेतली जाते आणि पुढे तिच्या एका सुट्या भागासाठी तीन आठवडे वाट पाहावी लागते. अशा गाडीची किंमत का पडली, ह्याचे उत्तर त्या तीन आठवड्यांत मिळते.

ह्या दृष्टीने पाहता २००० साली बाजारात आलेली महिंद्राची बोलेरो आपल्या भागास सोयीची ठरली आहे. वेगळा मजबूत सांगाडा, मागे पोलादी पाटे, मागील चाकांना मिळणारी गती अशी तिची रचना साधी असून ती दुरुस्त करणारे कारागीर सर्वत्र आहेत. २००२ सालापासून आलेली स्कॉर्पिओ हीदेखील सर्वपरिचित आहे. तिची शक्ती अधिक, पण दुरुस्तीचा खर्चही त्या मानाने अधिक. पुण्यात तयार होणारी टाटा सुमो १९९४ साली आली व २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. ती घेणाराने सुटे भाग आपल्या गावी अजून मिळतात की नाही, ह्याची खात्री दुकानात जाऊन करावी. टोयोटाच्या क्वालिसचे नाव अजूनही आदराने घेतले जाते, परंतु तिचे उत्पादन २००५ सालीच बंद झाले असल्याने आज मिळणारी प्रत्येक क्वालिस पंधरा वर्षांची मर्यादा केव्हाच ओलांडून गेली आहे. त्याच कंपनीची इनोव्हा टिकाऊ खरी, तथापि दीड-दोन लाख किलोमीटर धावूनही ती सहसा स्वस्तात मिळत नाही.

इंजिनाच्या पिढीचा विचारही केला पाहिजे. कॉमन रेल पद्धतीच्या इंजिनात डिझेल फार मोठ्या दाबाने बारीक छिद्रांतून फवारले जाते. पाणी किंवा माती मिसळलेले डिझेल त्यास मुळीच चालत नाही. शेतात ट्रॅक्टरसाठी पिंपात साठविलेले डिझेल नळीने तोंडाने ओढून गाडीत भरण्याची सवय असेल, तर एका हंगामात इंजेक्टर बदलण्याची पाळी येते, आणि तो खर्च मोठा असतो. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या बीएस-६ मानकाच्या बहुतेक डिझेल गाड्यांत धुरातील काजळी धरून ठेवणारी जाळी बसविलेली असते. ती स्वच्छ होण्यासाठी गाडी अधूनमधून काही वेळ सलग वेगाने चालावी लागते. केवळ मळा ते गाव एवढीच फेरी असणाऱ्याची जाळी लवकर तुंबते. नाशिकला आठवड्यातून दोनदा जाणाऱ्या आपल्या बागायतदारास ही अडचण येणार नाही, पण त्याच्या शेजाऱ्यास येऊ शकेल.

पूर्वी सरकारी खात्यांच्या जुन्या जीपगाड्या लिलावात घेण्याची प्रथा होती व चांगली निगा राखलेली गाडी त्यात कधी कधी मिळूनही जाई. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांहून जुन्या सरकारी वाहनांची नोंदणी चालू राहत नाही, ती मोडीत काढली जातात. त्यामुळे 'सरकारी लिलावातली आहे' असे सांगून कोणी तितकी जुनी गाडी रस्त्यावर चालविण्यासाठी विकू लागल्यास ते ग्राह्य मानू नये.

पूर्वीची दावण

गाडी कोणी व कशासाठी वापरली, हे कळले म्हणजे निम्मी तपासणी झाली असे समजावे. पश्चिम महाराष्ट्रात ज्यास वडाप म्हणतात त्या कामात वापरलेली गाडी ओळखता आली पाहिजे. सात-नऊ माणसांच्या गाडीत पंधरा-सोळा माणसे वर्षानुवर्षे बसविली गेली असतील तर मागचे पाटे सरळ झालेले असतात, मागील पायरी मधोमध झिजलेली असते, टपावर कॅरिअरच्या खुणा असतात आणि मागच्या बाकांखालील पत्रा खचलेला असतो. गाडीस नवी गादी घातली तरी पायरी कोणी बदलीत नाही. पाटीचा रंगही पाहावा. पिवळी पाटी असेल तर गाडी भाडोत्री वाहतुकीसाठी नोंदलेली असून तिला ठरावीक मुदतीने योग्यतेचा दाखला घ्यावा लागतो. अशी गाडी घरगुती वापरासाठी घ्यावयाची तर आधीच्या मालकाकडून परवाना परत करून घेऊन नोंदणी बदलून घेण्याचे काम सौद्यापूर्वीच मार्गी लागले पाहिजे.

पुरात बुडालेल्या गाडीविषयी विशेष सावधगिरी बाळगावी. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली व कोल्हापूर ह्या जिल्ह्यांत आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण व महाड येथे आलेल्या महापुरांत पुष्कळ वाहने पाण्याखाली गेली. अशा गाड्या धुऊन, रंगवून दुसऱ्या जिल्ह्यात विकल्या जाऊ शकतात. आसनांच्या खालच्या लोखंडी पट्ट्या, दिव्यांच्या काचांचा आतील भाग, सुट्या चाकाची जागा व गालिच्याखालचा पत्रा येथे वाळलेल्या गाळाची बारीक रेघ राहते. आसनाचा पट्टा पूर्ण बाहेर ओढून पाहावा. त्याच्या शेवटच्या वीतभर भागाला कोणी साबण लावलेला नसतो. पुराच्या गाडीचे इंजिन दुरुस्त होते, परंतु तारांच्या जोडण्यांत शिरलेला गंज वर्ष-दोन वर्षांनी डोके वर काढतो आणि त्याचा पत्ता मिस्त्रीला लागत नाही.

समुद्रकिनाऱ्यावरील गाडीचा सांगाडा खाऱ्या हवेने गंजतो. वर रंग चांगला असला तरी गाडीखाली शिरून पेचकसाच्या दांड्याने सांगाड्यावर ठोकून पाहिले पाहिजे. निरोगी लोखंडाचा आवाज खणखणीत येतो, खाल्लेल्या लोखंडाचा बद्द येतो.

परराज्यातील स्वस्त गाड्यांचाही उल्लेख केला पाहिजे. दिल्ली परिसरात दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली निर्बंध घातल्यापासून तेथील कित्येक गाड्या इतर राज्यांत विक्रीस येऊ लागल्या. त्यांत चांगल्या गाड्या नसतात असे नाही. मात्र तेथील कचेरीचा ना-हरकत दाखला, आपल्या राज्याचा कर आणि येथील नवा क्रमांक हा खर्च व खटाटोप किमतीत धरला तर स्वस्ताई बरीच कमी होते. बारा महिन्यांहून अधिक काळ गाडी राज्यात ठेवावयाची तर येथील क्रमांक घेणे कायद्याने आवश्यक आहे.

पहाटेची तपासणी

गाडी सकाळी पाहावी व इंजिन थंड असताना पाहावी. आदल्या रात्री विक्रेत्यास तसे सांगून ठेवावे, आणि पोहोचल्यावर प्रथम बॉनेटवर व मग इंजिनावर हात ठेवावा. ते कोमट लागले, तर त्याने आपण येण्यापूर्वी गाडी चालू करून ठेवली आहे असे समजून दुसऱ्या दिवशी न सांगता यावे. डिझेल इंजिनाचे दुखणे थंड असतानाच बोलते. पावसात किंवा नुकतीच धुतलेली गाडी पाहू नये, कारण ओल्या पत्र्यावर रंगाचा फरक दिसत नाही आणि धुतलेल्या इंजिनावर ऑईलची गळती दिसत नाही.

चालू करण्यापूर्वी ऑईलची पट्टी काढून पाहावी. डिझेल इंजिनाचे ऑईल काळे असणारच, त्यास भिऊ नये. ते दुधाळ किंवा चहासारखे दिसले, तर त्यात पाणी मिसळत आहे. थंड असतानाच रेडिएटरचे झाकण उघडून आत ऑईलचा तवंग आहे काय, हे पाहावे. नंतर सेल मारावा. एक-दोन प्रयत्नांत इंजिन चालू झाले पाहिजे.

धुराचा रंग पुष्कळ काही सांगतो. थंडीत क्षणभर पांढरट धूर येऊन थांबला तर चिंता नाही. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला तर पाणी आत जात आहे किंवा डिझेल नीट जळत नाही. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑईल खात आहे. काळा धूर हवेची जाळी तुंबल्याने, इंजेक्टर बिघडल्याने किंवा टर्बोच्या दोषामुळे येतो. ह्यांपैकी हवेची जाळी काही शे रुपयांत बदलते, म्हणून काळा धूर पाहताच गाडी नाकारू नये, पण त्याचे कारण सापडल्याशिवाय घेऊही नये. इंजिन चालू असताना ऑईल भरण्याचे झाकण सैल करून तसेच ठेवावे. ते किंचित थरथरत राहिले तर ठीक. ते उडू लागले आणि आतून फसफसून धूर येऊ लागला, तर रिंगा झिजल्या असून इंजिन कामाला आले आहे, हे निश्चित समजावे. इंजिनास टायमिंग बेल्ट असेल तर तो केव्हा बदलला त्याची पावती मागावी. पावती नसेल तर तो बदलण्याचा खर्च आपल्या माथी धरावा.

क्लचची परीक्षा सपाट जागी करावी. हातब्रेक पक्का ओढून, तिसऱ्या गिअरमध्ये घालून क्लच हळूहळू सोडावा. इंजिन लगेच बंद पडले तर क्लच धरतो आहे. ते धडपडत चालूच राहिले तर क्लचची पट्टी संपत आली आहे. मग गाडी निदान वीस किलोमीटर चालवावी, आणि त्यात एखादा चढ असावा. दुसऱ्या गिअरमध्ये घालताना किरकिर होते काय, उतारावर पाय उचलताच गिअर आपोआप सुटतो काय, मागच्या आसाच्या मधोमध असलेल्या डिफरन्शिअलमधून वेगाबरोबर वाढणारा घुमणारा आवाज येतो काय, ब्रेक मारताच गाडी एका बाजूस ओढते काय, इकडे लक्ष द्यावे. गाडीतील गाणी ह्या वेळी बंद ठेवावीत. विक्रेता ती स्वतः होऊन लावीत असेल तर अधिक कान देऊन ऐकावे.

सर्वच दोष सारखे नसतात. पुढे-मागे गिअर टाकताना खालून 'टक्' असा आवाज आला तर शाफ्टचा क्रॉस झिजलेला असतो, आणि तो तासाभरात बदलता येतो. तुटलेला पाटा, खिळखिळे बुश, उतरलेली बॅटरी, झिजलेले टायर ह्या गोष्टी जास्त धावलेल्या गाडीत असावयाच्याच. त्यांच्या जोरावर किंमत कमी करून घ्यावी. टायरच्या कडेवर चार अंकी आकडा असतो, त्यातील पहिले दोन अंक आठवडा व शेवटचे दोन अंक साल दाखवितात. '२३१९' म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला टायर. त्यावर नक्षी शिल्लक असली तरी तो जुना होय. परंतु सांगाड्यास तडा किंवा जोडकाम, पाण्यात ऑईल, झाकण उडविणारे इंजिन आणि घासून पुन्हा ठोकलेला चॅसी क्रमांक ह्या चार गोष्टींपैकी एकही आढळली तर कितीही कमी किमतीत गाडी घेऊ नये.

ही तपासणी एकट्याने करण्यापेक्षा आपल्या नेहमीच्या मिस्त्रीला दिवसाची मजुरी देऊन बरोबर न्यावे. विक्रेत्याच्या ओळखीचा मिस्त्री चालणार नाही. नंतरच्या वर्षांच्या गाड्यांना संगणकी यंत्र जोडून इंजिनातील नोंदलेले दोष वाचता येतात, ती सोय तालुक्याच्या गॅरेजमध्ये असेल तर अवश्य घ्यावी.

कागदांतील गाडी

शेतजमीन घेणारा मनुष्य सातबारा पाहिल्याशिवाय इसार देत नाही. गाडीच्या व्यवहारात मात्र तोच मनुष्य पन्नास हजार रुपये आगाऊ देऊन मोकळा होतो. आर.सी. बुक हा गाडीचा सातबारा समजावा. त्यावर बँकेचा किंवा वित्तसंस्थेचा बोजा नोंदलेला आहे काय, हे प्रथम पाहावे. विक्रेता 'हप्ते फिटले आहेत' असे सांगेल, आणि ते खरेही असेल. परंतु कर्ज फिटणे व बोजा उतरणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संस्थेचा ना-हरकत दाखला आणि नमुना ३५ परिवहन कचेरीत दाखल होऊन नोंद कमी झाल्याखेरीज गाडी निर्वेध होत नाही.

चॅसी क्रमांक व इंजिन क्रमांक गाडीवर स्वतः वाचून आर.सी.शी अक्षरशः ताडून पाहावेत. एम-परिवहन ह्या सरकारी अ‍ॅपवर गाडीचा क्रमांक टाकला असता नोंदणीची तारीख, विमा व इतर मुदती समजतात, तसेच थकलेल्या ई-चलानांची चौकशीही संकेतस्थळावर होते. ज्या शेतकऱ्यांस हे जमत नाही त्यांस ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही माहिती काढून द्यावी. पाच मिनिटांचे हे काम आहे.

मालकी बदलण्याचे काम मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५० प्रमाणे होते. विकणाऱ्याने राज्यांतर्गत विक्रीची सूचना चौदा दिवसांत द्यावयाची असते आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत नाव चढविण्यासाठी अर्ज करावयाचा असतो. त्यासाठी नमुना २९ व ३० वापरतात, बोलीभाषेत ह्यांस टी.टी. फॉर्म म्हणतात. विकणाऱ्याकडून कोऱ्या टी.टी. फॉर्मवर सह्या घेऊन ठेवावयाच्या आणि गाडी एकाकडून दुसऱ्याकडे व दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे तशीच फिरवावयाची, हा प्रकार सर्रास चालतो. तो दोघांनाही घातक आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, गाडी हस्ते-परहस्ते विकली गेली असली तरी नोंदणीपुस्तकात ज्याचे नाव आहे तोच अपघाताच्या नुकसानभरपाईच्या दृष्टीने मालक होय. विकणाऱ्या शेतकऱ्याने हे विशेष लक्षात ठेवावे. घेणाऱ्याच्या बाजूने पाहता, नाव न चढलेल्या गाडीचा स्वतःच्या नुकसानीचा दावा विमा कंपनी नाकारू शकते. विमापत्रावरील नाव बदलण्याचा अर्ज चौदा दिवसांत करावा. जुन्या मालकाची विनादावा सवलत मात्र गाडीबरोबर येत नाही, ती त्या माणसाची असते.

नोंदणीची किती वर्षे उरली आहेत, हेही किमतीत धरावे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षे चालते. त्यानंतर तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांनी वाढते. एप्रिल २०२२ पासून ह्या नूतनीकरणाचे शुल्क बरेच वाढले असून त्याखेरीज राज्याचा पर्यावरण कर भरावा लागतो. तेरा वर्षांची गाडी घेणाराने दोन वर्षांनंतरचा हा खर्च आजच मोजून ठेवावा. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीस उच्च सुरक्षा नोंदणी पाटी बसविली आहे की नाही, तेही पाहावे.

दोन गाड्या

आता निफाडच्या त्या बागायतदाराकडे परत येऊ. समजा, त्याच्यापुढे एकाच बनावटीच्या दोन गाड्या आहेत. पहिली नऊ वर्षांची, मीटरवर ६१,००० किलोमीटर, नवा रंग, नव्या गाद्या, तिसरा मालक, मागणी ४,२५,००० रुपये. पावत्या नाहीत, क्लचच्या पायटीचे रबर तुळतुळीत झाले आहे आणि आर.सी.वर वित्तसंस्थेचे नाव आहे. दुसरी आठ वर्षांची, १,६२,००० किलोमीटर, एकच मालक, मागणी ३,६०,००० रुपये. तिच्या दारावर ओरखडे आहेत, टायर संपले आहेत, क्लच उंचावर धरतो आणि खालून क्रॉसचा आवाज येतो. तिच्याबरोबर पावत्यांची पिशवी आहे. पहिल्या पावतीपासून शेवटच्या पावतीपर्यंत आकडा न चुकता वाढत गेला आहे.

घरातील तरुण मंडळी पहिल्या गाडीकडे ओढ घेतील, कारण ती देखणी आहे आणि लग्नकार्यात शोभेल. मिस्त्री दुसरीकडे बोट दाखवील, आणि त्याचेच ऐकणे शहाणपणाचे आहे. ओरखडे, टायर व क्रॉस दाखवून दुसरी गाडी ३,४५,००० रुपयांस ठरली असे धरू. चार टायरांस २४,००० रुपये, क्लचला १२,०००, सर्व ऑईल, जाळ्या व पट्टे ह्यांस ८,०००, ब्रेकला ६,०००, क्रॉस व बुशांना ७,००० आणि बॅटरीस ६,५०० असा अंदाज केला तर ६३,५०० रुपये होतात. गावोगाव ह्या दरांत फरक पडेल. एकूण ४,०८,५०० रुपये झाले व हाती ४१,५०० रुपये राहिले. त्यांतून विमा व नाव चढविण्याचा खर्च भागवून उरलेली रक्कम वेगळी बांधून ठेवावयाची आहे. पहिल्या गाडीत ४,२५,००० रुपये घातल्यावर उरलेल्या २५,००० रुपयांत तिचे आतून निघणारे काम झाले नसते, मग वर्षभरात सोसायटीच्या दारात उभे राहण्याची वेळ आली असती.

ह्यावरून हाताशी असलेली सगळी रक्कम गाडीच्या किमतीत घालू नये, हे ध्यानात येईल. पाचवा हिस्सा तरी दुरुस्तीसाठी राखून ठेवावा, आणि तो पहिल्याच महिन्यात खर्च करावा. गाडी चालते आहे तोवर चालू द्यावी, अशी आपली रीत आहे. ट्रॅक्टर बांधावर बंद पडला तर दुसऱ्या दिवशी पाळी घालता येते, म्हणून तेथे ती एक वेळ खपून जाते. डायलिसिसची पाळी चुकवून चालत नाही.

गाडी घरी आल्यावर मागील मालकाने ऑईल कालच बदलले असे सांगितले असले तरी ते पुन्हा बदलावे आणि त्या दिवशीचा आकडा एका वहीत लिहून ठेवावा. पहिले हजार किलोमीटर होईपर्यंत दर आठवड्यास थंड इंजिनाची ऑईलपट्टी व रेडिएटरचे पाणी पाहावे आणि किती घटले ते त्याच वहीत मांडावे. महिन्याअखेर ही वही मिस्त्रीला दाखवावी. डायलिसिसच्या दिवशी पहाटे निघण्यापूर्वी पाच मिनिटे इंजिन चालू ठेवून धुराकडे व खालच्या जमिनीकडे एकदा नजर टाकावी. जमिनीवर नवा डाग दिसल्यास त्या दिवशी भाड्याची गाडी बोलवावी आणि आपली गाडी उजाडल्यावर गॅरेजला न्यावी.